दादांचा डावा गाल

३ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
नमस्कार.

वाफेच्या यंत्राने माझ्याविरुद्ध उघड युद्ध पुकारलं आहे, हे आपल्या निदर्शनास आणून देताना मला अत्यंत खेद होत आहे. हे यंत्र बगळ्यासारखं लांब मानेचं असतं. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडावर ते वाफ सोडतं, म्हणजे त्वचेची छिद्रं मोकळी होतात. माझ्या बाबतीत ते छिद्रं उघडण्याआधी माझा चष्मा बंद करतं. काल त्या धुक्यात मी एका मुलीचा गाल समजून तिच्या कानाला दहा मिनिटं मसाज केला. कान फार सुंदर झाला. पण "काकू, कान अभ्यासक्रमात नाही," असं मला सांगण्यात आलं. मी रीतसर लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, चष्मा काढा. चष्मा काढल्यावर मला यंत्र दिसत नाही, ही बाब कुणी विचारातच घेतलेली नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वाफेची प्रेस चालू असली की तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि तुम्ही त्या निम्म्यालाच उत्तर देता. म्हणून पत्र.

तर, आमचं ऑफिस बंद झालं. तक्रार खिडकीत बसून इतकी वर्षं लोकांचे चेहरे पाहिले, आता ते दुरुस्त करायला शिकते आहे. त्वचेची निगा राखण्याचा व्यावसायिक अभ्यासक्रम. वर्गातल्या बाकी मुली विशीतल्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर शिकण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे सरावाच्या तासाला सगळ्या माझ्याभोवती गोळा होतात. शिकवणाऱ्या मॅडम भिंग घेऊन फिरतात. छिद्रान्वेषी हा शब्द मी आयुष्यभर शिवीसारखा वापरला, इथे ते पद आहे आणि त्याला पगार आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या इमारतीखाली केस कापायचं दुकान आहे ना, त्याची मालकीण मागची खोली मला द्यायला तयार आहे. एक खिडकी, एक बेसिन, स्वतंत्र दार. अट एकच, एप्रिलमध्ये प्रमाणपत्र दाखवायचं. नाही दाखवलं तर खोली नखं रंगवणाऱ्या मुलीला. वन्सं, मला ती खोली हवी आहे. खुर्ची कुठे आणि टॉवेल कुठे, इथपर्यंत माझं ठरलंय. हे फक्त तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. मुळात तुम्हाला ते खरंच वाटणार नाही.

परीक्षेची पद्धत अशी. प्रत्येकीने एक माणूस आणायचा. आठ आठवडे त्याच्या चेहऱ्याच्या फक्त डाव्या बाजूवर काम करायचं. उजव्या बाजूला बोटही लावायचं नाही, ती साक्षीदार. परीक्षक दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघतात आणि फरकावर गुण देतात. फोटो चालत नाहीत. फोटोत हल्ली सगळ्यांचेच चेहरे सुधारतात.

बाकी मुलींनी आया आणल्यात, मावश्या आणल्यात. मी तुमचे दादा आणले आहेत. दुकानदारांचे तराजू तपासण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला 'तुमची एकच बाजू सुधारणार' असं सांगणं सोपं नव्हतं. पण त्यांनी चेहरा दिला आहे. तुमची परवानगी घ्यायची राहिली, ती हे पत्र वाचता वाचता द्यावी.

तुमची,
वहिनी

*

९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. परवानगी देत नाही.

तू दादाला स्वेटर विणायला घेतलास. एक बाही झाली नि सोडलास. तो बिचारा दोन हिवाळे उजवा हात खिशात घालून हिंडला. मग गाडी शिकलीस. पुढे जायला येतं, मागे यायला येत नाही. परदेशी भाषा शिकलीस. त्या भाषेत तू प्रश्न विचारू शकतेस, उत्तर आलं की मान हलवतेस. आणि आता अर्धा चेहरा! निदान या वेळेला अर्धवट सोडायचं आधीच ठरवून दिलंय, हे बरं केलं त्यांनी.

माझ्या दुकानातून आजवर अर्धा स्वच्छ कपडा बाहेर गेलेला नाही. गिऱ्हाइकाने म्हटलं ना, "ताई, पुढूनच इस्त्री करा, मागून कोण बघतंय," तर मी कपडा परत देते. मागून लोकच बघतात.

आणि दादाचा चेहरा तुला लग्नात दिला तो वापरायला, त्यावर प्रयोग करायला नाही. आई असती तर तिने तुला विचारलं असतं. आई नाही म्हणून मी विचारते. काही लाल झालं, सुजलं, तर जबाबदार कोण?

खोलीचं खरंच वाटलं नाही. पण बेसिन खिडकीखाली ठेव. उजेडात डाग दिसतात.

तुझी नणंद

*

१ मार्च

ती. वन्सं,

लाल झालेलं नाही, सुजलेलं नाही. झालंय ते वेगळंच.

चौथ्या आठवड्यात तुमच्या दादांची डावी बाजू चाळिशीत गेली. उजवी आहे तिथेच आहे, सत्तावन्नात. नाकाच्या मधोमध सरहद्द आहे. मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि वर्गाला हाक मारली, "मुलींनो, इकडे या, याला म्हणतात फरक!" माझ्या एकूण शिक्षणात माझ्या वहीकडे बोट दाखवून असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, गालाकडे तर नाहीच.

घराबाहेर मात्र कठीण होत चाललंय. बसमध्ये उजवीकडे बसलेली मुलगी यांना बघून उठून जागा देते, आणि डावीकडची बाई म्हणते, "अहो, तुम्ही उभे राहा की, धडधाकट आहात." हे बिचारे अर्धे बसतात. ऑफिसात साहेब डाव्या बाजूने आले की यांना जास्तीचं काम देतात, उजवीकडून आले की निवृत्तीनंतरचे बेत विचारतात. परवा एका किराणा दुकानात काटा तपासायला गेले. पारडी जराशी वर-खाली होती. यांनी आवाज चढवला, तर दुकानदार शांतपणे म्हणतो, "साहेब, तुमचं तोंडच समान नाही, माझ्या काट्याला काय बोलता?" दंड न करताच घरी आले. नोकरीत पहिल्यांदा.

त्यात आता यांना डाव्या बाजूचा लळा लागलाय. झोपतात उजव्या कुशीवर, डावी चुरगळायला नको म्हणून. आरशापुढे उभे राहतात तेही तिरपे. काल मी म्हटलं, "जरा इकडे बघा," तर म्हणाले, "इकडे म्हणजे कोणत्या वयाने?"

खरी अडचण पुढे आहे. यांना तपासणीच्या कामाला तीन आठवडे तुमच्या गावी पाठवताहेत. उतरणार तुमच्याकडे. सोबत पिशवी देते आहे. पांढऱ्या बाटलीने सकाळ-संध्याकाळ तोंड पुसायचं, निळ्या बरणीतलं क्रीम रात्री बोटाच्या टोकावर मावेल एवढं, बाहेर पडताना पिवळी ट्यूब. सगळ्यावर मोठ्या अक्षरात 'फक्त डावीकडे' लिहिलंय. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. हात लावू नका. तुम्हाला तुमच्या वाफेच्या प्रेसची शपथ.

तुमची,
वहिनी

*

१४ मार्च

वहिनी,

दादा तीन तारखेलाच पोचला, लिहायला उशीर झाला. बसमधून उतरला तेव्हा मी त्याच्या डावीकडे उभी होते. म्हटलं, वा! मग तो माझ्याकडे वळला नि माझ्या हातातली थैली पडली. मला वाटलं, झटका आला. अर्धं तोंड गेलं.

तसाच धरून शेजारच्या डॉक्टरांकडे नेला. ते लहान मुलांचे आहेत, पण जवळ आहेत. त्यांनी दादाला शिट्टी वाजवायला लावली, दात दाखवायला लावले, एकेक डोळा मिटायला लावला. शेवटी सवयीने हातात एक गोळी दिली, लिमलेटची. म्हणाले, "डावी बाजू उत्तम आहे. उजवी वयाप्रमाणे आहे. आजार काही नाही. पण दोन्ही एकदम बघितल्या की मला जरा कसंसंच होतं."

मलाही होतं. रोज सकाळी समोर चहाला बसतो ना तो. कॉलरची एक बाजू धुतलेली नि एक तशीच. मी वर्तमानपत्र आडवं धरून चहा पिते.

बाकी सगळं ठीक. दादा मजेत आहे. काळजी करू नकोस. सूचना वाचल्या. अक्षर मोठं आहे.

एक विचारायचं होतं. ते निळ्या बरणीतलं क्रीम समज जरा लवकर संपलं, तर तसंच दुकानात मिळतं का? सहज विचारते.

तुझी नणंद

*

२५ मार्च

वन्सं,

तुमचे दादा काल परत आले. मी दार उघडलं आणि समोर एक देखणा माणूस उभा. दोन्हीकडून.

मी विचारलं, "उजव्या गालाला काय झालं?"

"कुठे काय?"

"तेच म्हणते. कुठे काहीच दिसत नाहीये."

"तिकडचं पाणी चांगलं आहे."

"पाणी फक्त उजवीकडेच लागलं? आणि सरहद्द कुठे गेली? नाकावरची?"

यावर ते आंघोळीला गेले. दुपारी दोन वाजता! आधी सकाळी एकदा झालेली असताना.

मी त्यांना ओल्या केसांनिशी मॅडमकडे नेलं. मॅडमनी भिंग डावीकडून उजवीकडे नेलं, उजवीकडून डावीकडे आणलं, आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, "काकू, हे तर नुसतेच छान दिसतायत." मी म्हटलं, पण चार आठवड्यांपूर्वी तुम्हीच वर्गाला बोलावून दाखवलं होतं. "मी दाखवलं होतं, परीक्षक मॅडमनी पाहिलं नव्हतं. त्या म्हणणार, यांची त्वचा जन्मापासून अशीच असेल." वर्गातल्या एका मुलीने उपाय सुचवला, "काकू, काकांना दहा दिवस उन्हात बसवा ना, फक्त उजवीकडून." तुमच्या दादांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

परीक्षा चार एप्रिलला आहे. खाली दुकानात नखंवाली मुलगी काल टेप घेऊन मागच्या खोलीची मापं घेत होती. मला बघून म्हणाली, "काकू, तुमचं झालं नाही तर असावीत म्हणून."

वन्सं, मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. बोलले असेन तर तुम्हाला प्रेसच्या आवाजात ऐकू आलं नसेल. पण आज विचारते, तुम्ही काय केलंत? तुम्ही म्हणता मी सगळं अर्धं सोडते. ही एकच गोष्ट होती जी अर्धी ठेवणं म्हणजेच पूर्ण करणं होतं, आणि ती तुम्ही पूर्ण करून टाकलीत.

वहिनी

*

२७ मार्च

वहिनी,

हो. मीच केलं.

पहिले चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी माझा हात आपोआप गेला. दादा नको म्हणाला नाही. म्हणाला, "वहिनीला, म्हणजे हिला, काय सांगायचं?" मी म्हटलं, पाण्याचं सांग. तराजूवाला माणूस तो, त्यालाही दोन्ही पारडी सारखी हवीच होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री, मी चार वेळा लावायचे. तू दोनदा लिहिलं होतंस, पण दोनदा हलका मळ असतो तेव्हा.

आता दुसरं. हे दादालाही माहीत नाही.

नवीन औषध आलं की आम्ही ते आधी कपड्याच्या आतल्या शिवणीला लावून बघतो. रंग गेला तर तिथे कुणाला दिसत नाही. दादाला आतली शिवण नाही. म्हणून त्याच्या उजव्या गालाला लावण्याआधी मी ते माझ्या गालाला लावलं. डाव्या. तू डावीकडे लिहिलं होतंस म्हणून.

एक दिवस लावून थांबायचं होतं. थांबले नाही. दोन्हीकडे लावावं तर बरणी दादाची, त्याचं संपलं असतं. मग एकीकडेच लावत राहिले. आज तीन आठवडे होतील. दुकानात मी डोक्याला रुमाल बांधून तो उजवीकडे ओढून घेते. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, धाकट्या बहिणीला सांगा कोट उद्या न्यायला येतो." मी म्हटलं, सांगते.

माझी त्वचा वीस वर्षं प्रेसच्या वाफेपुढे शिजलेली आहे. फरक दादापेक्षा जास्त दिसतो. मी स्वतः बघितलाय, नि मला तुझं चांगलं म्हणायची हौस नाही हे तू जाणतेस.

दुकान बंद करून येते आहे. परीक्षेपर्यंत राहीन. माझा चहा बिनसाखरेचा. दादाला ओरडू नकोस, तो फक्त खुर्चीत बसला होता.

तुझी नणंद

*

६ एप्रिल

ती. वन्सं,

खुर्चीतून उठलात, टॉवेलची घडी घालून माझ्या हातात दिलीत आणि निकालाची वाट न बघता बस गाठलीत. तेव्हा कळवते. पास.

तुम्हाला आल्या दिवशी मॅडमपुढे बसवलं तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. भाऊ, शिवणी, बरणी, सगळं. त्यांनी नाक मुरडलं होतं. आठवडे कमी, शिवाय निम्मं काम भलत्याच हाताने. मग भिंग लावलं, "वीस वर्षं वाफेपुढे?" म्हणाल्या, आणि तुमच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं जसं तुम्ही वाइनचा डाग पाहता. ते आठवडाभर तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीत आडव्या पडायचात आणि डोळे मिटून मला सूचना द्यायचात. "दाबून. अजून दाबून. कडा सोडू नकोस, मळ कडेला असतो." मॅडमच्या अभ्यासक्रमात कडांवर एक ओळही नाही. माझ्या हाताला आता कडा कळतात.

परीक्षक बाईंनी तुम्हाला जे विचारलं ते मी दारापाशी उभी राहून ऐकलं. "तुम्हाला स्वतःला कुठली बाजू आवडते?" सगळ्या माणसांना त्या हेच विचारत होत्या, आणि सगळी माणसं पढवल्यासारखी "डावी" म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "उजवी. ती माझी आहे. डावी हिची आहे, पण चांगली केलीय."

मी तिथेच नापास झाले असं धरलं होतं. बाई खूप वेळ लिहीत होत्या. नंतर मॅडमनी गुणपत्रिका दाखवली. शेरा होता, 'माणूस खोटं बोलत नाही. फरक खरा आहे.' शंभरपैकी एक्क्याऐंशी.

खोलीची किल्ली मिळाली. नखंवाली मुलगी नाराज नाही, तिला पुढे आरशाजवळची जागा मिळाली आहे. बेसिन खिडकीखाली लावलं. तुमचे दादा गंभीर चेहऱ्याने पातळी बघून गेले. दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणाले. बेसिनच्या.

तुम्ही मात्र तशाच गेलात.

तुमची,
वहिनी

*

१० एप्रिल

वहिनी,

अभिनंदन. एक्क्याऐंशी म्हणजे एकोणीस गेले कुठे, हे विचारून घे.

मी बरी आहे. काम फार. लग्नाचे कोट येताहेत, झोपायला वेळ नाही तर आरसा कोण बघतंय. धाकट्या बहिणीची सगळे चौकशी करतात. एकजण तिला स्थळ घेऊन आला होता. बँकेत आहे म्हणे. मी सांगितलं, तिची बदली झाली.

रुमाल बांधते. उन्हाळ्यात गरम होतं पण सवय होईल. कपड्याचं म्हणशील तर एखादी कॉलर एका बाजूला कडक नि एका बाजूला मऊ राहिली की दिवसभर मान अवघडते, तसं थोडं होतं. त्यात काही विशेष नाही. तू तुझी खोली बघ. आता सोडू नकोस म्हणजे झालं.

माझ्याकरता काही पाठवू नकोस. मला पोस्टातून आलेल्या बरण्यांवर विश्वास नाही.

तुझी नणंद

*

१३ एप्रिल, दुपारी, तुमच्या दुकानात

ती. वन्सं,

तुम्ही झोपला आहात. मी दारात उभी दिसले तेव्हा तुम्ही आधी "कुणी बोलावलं होतं?" म्हणालात, मग प्रेस बंद केलीत, मग इतका वेळ भांडलात की मी तुमचा रुमाल सोडला हे तुमच्या लक्षातच आलं नाही. खुर्चीत टेकल्यावर पहिली पाच मिनिटं सूचना दिल्यात. "कडा," एवढं म्हणालात आणि घोरायला लागलात. तुम्ही घोरता हे तुमच्या दादांना सांगणार नाही.

उजवी बाजू झाली. परीक्षेत तुम्ही 'ती माझी आहे' म्हणाला होतात, म्हणून तिच्यात माझं काही घातलेलं नाही. वाफेने बसलेला थर तेवढा उतरवला. एका बसण्यात डावीशी पुरती जुळणार नाही. पांढरी बाटली आणि निळी बरणी गल्ल्याशेजारी ठेवली आहे. पोस्टातून आलेली नाही, हातात आणली. रोज दोनदाच. चारदा नाही.

मध्ये एक गिऱ्हाईक करड्या कोटासाठी येऊन गेलं. मी कोट दिला, पैसे गल्ल्यात टाकले. त्याने खुर्चीकडे बघून हळू आवाजात विचारलं, "ताई की धाकट्या?" मी म्हटलं, "एकच आहेत."

संध्याकाळपर्यंत तोंडाला साबण लावू नका. उठल्यावर मला शोधू नका, मी पाचच्या बसने निघते. उद्या सकाळी खोली उघडायची आहे, पहिल्या बाई साडेनऊला येणार आहेत. कुणाचं तरी अर्धं काम अंगावर ठेवून ते दार उघडायला मला जमलं नसतं.

आभाराचं पत्र लिहू नका. देणं होतं, दिलं.

शटर अर्धं ओढून जाते आहे, ऊन डोळ्यांवर येत होतं.

तुमची,
वहिनी